वेस उघडू नकोस

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. रस्त्याच्या डांबराची जाडी जागेवर एक, एमबीत (मोजमापाच्या वहीत) दुसरी, आणि सही तुझी हवी आहे. ठेकेदार, वरिष्ठ, नगरसेवक, शेजारच्या टेबलावरचेसुद्धा एका बाजूला. शेवटी तू विचारतेस, "देवाचा विजय ठरलेलाच आहे, तर मी एकटी कशी पडले?" सही करू का, असं तू विचारलेलंच नाहीस, म्हणून त्यावर मी शब्दही लिहीत नाही.

बायबलमधलं 2 राजे, अठरा आणि एकोणीस हे अध्याय पुन्हा काढ. छावणीत 1,85,000 अश्शूरी मरून पडले त्या रात्रीवर घाईने जाऊ नकोस. आधीचं वाच.

इ.स.पू. 701. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्याची तटबंदीची नगरं घेत आला. त्याच्याच कोरीव लेखात आकडा आहे 46. यहूदाचा राजा हिज्कीयाने घाबरून खंडणी भरली, 300 किक्कार (त्या काळचं वजन) रुपं आणि 30 किक्कार सोनं. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा पत्रा काढून दिला. सैन्य तरीही त्याच्या राजधानीवर, यरुशलेमवर, आलं. हे अधोरेखित कर. "एवढी एक सही कर, पुन्हा मागणार नाही" म्हणणाऱ्याचं पुढचं बिल तयारच असतं.

मग सन्हेरीबचा अधिकारी रब-शाके तटाशी उभा राहून यहूदी भाषेत ओरडला, वरच्या साध्या माणसांना ऐकू जावं म्हणून. अरामीत बोला अशी विनंती केली, तर तो आणखीच चढला. कँटीनमध्ये तुझ्याबद्दल शिपायांदेखत बोलतात ते ह्याचसाठी. परमेश्वरानेच मला पाठवलं, असंही तो म्हणाला. 'ख्रिस्ती माणसाने नम्र असावं' हे साहेबांनी तुला ऐकवलं ना? ते ह्याच जातीचं. लोक गप्प राहिले; उत्तर देऊ नका, अशी राजाची आज्ञा होती. तूही कँटीनमध्ये उत्तर देऊ नकोस. फक्त वेस उघडू नकोस.

हिज्कीयाने धमकीचं पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं. त्याच राजाने गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला बोगदा खणवला, सुमारे 533 मीटर. दोन टोकांकडून खणत आलेल्या टोळ्या मध्ये भेटल्या. तेव्हा जाडी मोजताना फोटो काढ, असहमती टिप्पणीत लिही, आवक-जावकला नोंदव, पोच घे. ह्यात विश्वास कमी दिसतो असं कोणी म्हणालं तर त्याला तो बोगदा दाखव.

आता अवघड भाग. यहूदाचं लाखीश नगर पडलं. प्रार्थना करणारी माणसं तिथेही असणारच. सुळावर चढवलेले कैदी, बैलगाडीवर बसवून नेलेली बायका-मुलं, हे सगळं सन्हेरीबच्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात, कोरलं होतं. आज ती शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लाखीश का पडलं ह्याचं गोड उत्तर देणाऱ्यांपासून लांब राहा. पण त्याच सन्हेरीबचा लेख बघ. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं अशी बढाई आहे. यरुशलेम घेतल्याचा शब्द नाही. वेस उघडली नव्हती.

एकोणिसाव्या अध्यायाची शेवटची दोन वचनं बघ. 36व्यात सन्हेरीब निनवेला परततो, 37व्यात त्याचेच मुलगे त्याला देवळात मारतात. मध्ये वीस वर्षं गेली आहेत, इ.स.पू. 681 पर्यंत. तेवढी वर्षं तो राज्य करत होता. माझ्यामागे चौकशी लावणारे साहेब हारतुरे घेऊन निवृत्त झाले. चौकशी चालू असतानाच माझे वडील गेले. मी निर्दोष ठरलो ते त्यांना पाहता आलं नाही. ती खंत जात नाही. बदल्यांमुळे मुलांच्या शाळा तुटल्या. भाऊ अजून म्हणतो की देवाच्या नावाखाली तू स्वतःचा हट्ट पुरवलास. हट्ट होताच. हट्ट नसता तर प्रार्थना करून उठल्यावर त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर जाऊन बसलो असतो का? विजय माझ्याकडे कोणी मागितलाच नव्हता. वेस सांभाळायला सांगितली होती, ती सांभाळली. माझ्या हातच्या एमबी आजही कोणीही उघडून पाहाव्यात.

आणि एकटी पडले म्हणतेस ते मला मान्य नाही. हिज्कीयाने यशया संदेष्ट्याकडे माणसं पाठवली आणि निरोप काय दिला? मुलं जन्माला यायच्या बेतात आहेत, पण प्रसवायला शक्ती नाही. राजाने थकवा लपवला नाही. तू मात्र इतके दिवस कोणाला न सांगता बसलीस! मंडळीत माणसं नव्हती का? मी नव्हतो?

गुरुवारी संध्याकाळी ये. तुला आलेली नोटीस आणि टिप्पणीचा मसुदा आण. आधी नोटीस पुढ्यात ठेवून प्रार्थना करू, मग मसुद्याला बसू. "बहुधा" आणि "असे वाटते" हे शब्द काढून टाक. मोजलेली जाडी मिलिमीटरमध्ये, तारखेसह लिही.

तुझा,
काका