बोल्ट कॅच अडकतोय, खाचेला कानस मारू का?

प्रश्न : काका, मी डॅलसजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे. दुकानात रीतसर अर्ज भरून, तपासणी होऊन नंबर असलेला लोअर रिसीव्हर (रायफलचा खालचा सांगाडा) घेतला आणि बाकीचे भाग जमवून एआर-१५ रायफल घरीच जोडली. नंतर तिला वाळूच्या रंगाचं सेराकोट (कडक रंगाचा पातळ थर) करून घेतलं. तेव्हापासून बोल्ट कॅच, म्हणजे मॅगझिन रिकामं झालं की बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे धरून ठेवणारा खटका, अडकतो. मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक असतानाच बोल्ट मधेच मागे अडकून बसतो. तेल घातलं की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. मित्र म्हणतो, रिसीव्हरमधली कॅचची खाच कानशीने जरा मोठी कर. करू का?

उत्तर : नाही. कानस आधी खाली ठेवा.

तुमचा रिसीव्हर ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमचा असणार. त्याच्यावर अॅनोडायझिंगचा जो कडक पापुद्रा असतो तो फार पातळ. एकदा घासून काढलात की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि पुढे झिजत राहतो. शिवाय नंबर त्याच भागावर आहे, अमेरिकन कायद्याच्या लेखी तोच ‘बंदूक’. उलट कॅच स्टीलचा, वेगळा विकत मिळणारा. दोन भाग एकमेकांवर घासत असतील तर धातू काढायचा तो बदलता येईल अशा भागातून. पिंपरीच्या टूलरूममध्ये आमच्या फोरमननी हे शिकवलं आणि ते मी आजही सोडत नाही.

सुरुवात अशी करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. अप्पर (रायफलचा वरचा अर्धा भाग) वेगळा केला की कॅच नीट दिसतो.

कॅच मधल्या पिनेवर झुलतो. बाहेरून दोन टोकं दिसतात : वरचं रुंद, बोल्ट सोडायचं, खालचं छोटं, अडकवायचं. आतला दांडा खाचेतून बोल्टच्या वाटेत वर येतो. पिनेच्या खाली एक लहानशी स्प्रिंग आणि प्लंजर (स्प्रिंगने ढकलली जाणारी छोटी खुंटी) आहे. ती खालचं टोक बाहेर ढकलते, म्हणजे दांडा आपोआप खाली बसतो. मॅगझिन रिकामं झालं की त्यातला फॉलोअर (गोळ्यांना खालून वर ढकलणारी पट्टी) दांड्याला वर रेटतो, एरवी दांडा खालीच असला पाहिजे. तुमचा वरच राहतोय. म्हणजे एक तर स्प्रिंग त्याला खाली आणत नाही, नाहीतर तो वाटेत घासतोय.

यातलं कोणतं, ते ओळखायची खात्रीची रीत आहे. कॅचची ती पिन (रोल पिन) पंचाने बाहेर काढा, रिसीव्हरला आधी चिकटपट्टी लावून. स्प्रिंग आणि प्लंजर काढून ठेवा. मग कॅच परत बसवून ३/३२ इंची ड्रिलचा गुळगुळीत दांडा पिनेच्या जागी सरकवा आणि रिसीव्हर हातात कलता करा. कॅच स्वतःच्या वजनाने सहज झुलला, तर दोष स्प्रिंग-प्लंजरमध्ये : स्प्रिंग वाकली असेल, प्लंजर उलटा बसला असेल किंवा त्याच्या भोकात रंग साचला असेल. झुलला नाही, तर खाच किंवा पिन धरणारे रिसीव्हरचे दोन कान तपासा.

माझा संशय सेराकोटवर आहे. तो थर साधारण २५ मायक्रॉनचा, पण खाचेच्या दोन्ही भिंतींवर चढतो आणि कॅचलाही लावला असेल तर त्याच्याही दोन्ही बाजूंवर. चारही मिळून होतात १०० मायक्रॉन. एवढ्याने नवा कॅच सहज जाम होतो. तेलाने तात्पुरतं चाललं, हेही त्याच्याशी जुळतं. कॅचच्या दोन्ही बाजू काळ्या मार्करने रंगवा, सुकू द्या, बसवून वर-खाली हलवा, काढून उजेडात धरा. शाई जिथे पुसली गेली असेल तिथेच तो घासतोय. तेवढाच भाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, सपाट काचेवर पेपर ठेवून, थोडा-थोडा घासा. पुन्हा शाई, पुन्हा बसवणं. घाई केलीत की कॅच वाकडा घासला जातो.

पिन ठोकताना कान दाबले गेले असतील तर ते उजेडाकडे धरून बघितलं की कळतं. एका बाजूची फट निमुळती दिसते. तसं असेल तर रायफल बंदूक-कारागिराकडेच न्या.

हा अंक पुण्या-नाशकातही वाचला जातो म्हणून लिहितो : भारतात परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा दुरुस्त करणं, दोन्ही शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. अमेरिकेतही तुमचा एखादा मित्र एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर त्याला ही रायफल सांभाळायला देऊ नका. वैध शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीचे स्वतःचे नियम आणखी कडक आहेत.

सगळं जोडल्यावर रेंजवर मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून झाडा : बोल्ट मागे अडकला पाहिजे. असं पाच-सहा वेळा. मग तीन घाला : पहिल्या दोन गोळ्यांनंतर बोल्ट पुढे गेलाच पाहिजे आणि तिसरीनंतर अडकला पाहिजे. दोन-तीन वेगळी मॅगझिनं लावून बघा. एकाच मॅगझिनला खोड दिसली तर कॅचला हात लावू नका, ते मॅगझिनच बाजूला काढा.