एकाच रॉक बँडचे तेच तेच शो पुन्हा पुन्हा बघण्यात काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर एका बँडमागे गावोगाव फिरतात, गाणी तीच, क्रमही तोच, आणि विचारलं की "तुला नाही कळणार" म्हणतात. हे शेवटचं त्यांचं चुकलंच. न कळण्यासारखं त्यात काही नाही, फक्त सांगायला बसावं लागतं आणि आम्हा लोकांना तेवढा धीर नसतो. त्यांच्या वतीने मी प्रयत्न करतो.

मी आयर्न मेडनवाला. लंडनचा हेवी मेटल बँड, स्टीव्ह हॅरिस नावाच्या बेस गिटारवादकाने १९७५ साली काढलेला. मी त्यांचे पाच शो पाहिलेत. खऱ्या भक्तांच्या घोळक्यात पाच हा आकडा सांगायची सोय नाही, तिथे चाळीस-पन्नासवाले बसलेले असतात. पण तुमचा प्रश्न पाचालाही लागू होतोच, कारण मेडन एका दौऱ्यात गाण्यांची यादी जवळजवळ बदलत नाहीत. त्यामागे कारण आहे. प्रत्येक गाण्याला मागचा पडदा बदलतो, त्यावर वेगळं चित्र असतं, दिवे, धूर, आगीचे लोळ सगळं त्या त्या ओळीला बांधलेलं असतं, आणि एडी नावाचा त्यांचा तो सापळ्यासारखा राक्षस ठरलेल्या गाण्यातच येतो. एवढा पसारा लावल्यावर गायकाला मध्येच वाटलं म्हणून दुसरं गाणं घेता येत नाही.

उलट अमेरिकेतला ग्रेटफुल डेड घ्या. १९६५ ते १९९५ एवढ्या काळात त्यांनी २३०० च्या वर कार्यक्रम केले आणि यादी रोज वेगळी. गाणं सुरू झालं की ते कुठे जाऊन थांबेल ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. त्यांचे चाहते महिनोन्‌महिने मागे फिरायचे आणि १९८४ पासून तर बँडनेच रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवली होती. म्हणजे काही बँड मैफलवाले असतात आणि काही नाटकवाले. मैफलीला परत परत जाणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही, आज कुठला राग होईल म्हणून जातो म्हणतात. पंचाईत नाटकवाल्यांची आहे.

आणि मी वाढलो नाटकवाल्याच्या घरात. आमचे बाबा बँकेत होते, पण खरी नोकरी बालगंधर्व आणि भरत नाट्य मंदिर. एकच संगीत नाटक त्यांनी किती वेळा पाहिलं असेल याचा हिशोब आईकडे आहे, कारण त्या प्रत्येक रविवारी ती चिडलेली असायची. तरी २००७ च्या मार्चमध्ये मी बंगळूरला चाललोय म्हटल्यावर बाबांनी विचारलं ते तुमच्याच शब्दांत: "कॅसेट आहे ना घरात? मग तिथे जाऊन काय वेगळं ऐकणार आहेस?"

ती कॅसेट हॉस्टेलवरची. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर मित्राने भरून दिलेली, एका बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. ते गाणं संपतं कसं हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच होतं. हे लोक कधी इकडे येतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स, बंगळूर ही तारीख जाहीर झाली तेव्हा मी आधी रजा टाकली आणि मग तिकिटाचं बघितलं.

उद्यान एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात पुण्याहून चढलो तर काळे टी-शर्ट घातलेली पंधरा-वीस पोरं आधीच मुंबईहून येऊन बसलेली. गुलबर्ग्यापर्यंत सगळ्यांची नावं कळली होती. शोमध्ये आधी दिल्लीचा परिक्रमा हा बँड वाजला आणि छान वाजला. पुढे त्याच वर्षी त्यांना इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात बोलावणं आलं. मग मेडन. मला त्यातलं सलग काही आठवत नाही. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं आणि गिटारची ती सुरुवातीची धून हजारो लोक गायला लागले एवढं आठवतं. शब्द नाहीत, नुसतं ओ-ओ. मी हॉस्टेलच्या खोलीत एकटाच ती धून गुणगुणायचो आणि मला वाटायचं ही खोड आपली एकट्याचीच आहे.

पुढे ढकलाढकलीत माझा डावा बूट गेला. गेला म्हणजे पायातून निघाला, मी वाकलो, आणि वाकणं ही त्या गर्दीत करण्यासारखी गोष्ट नाही हे लगेच कळलं. उरलेला शो मी एका मोज्यावर पाहिला. दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिक भागात फुटपाथवर रबरी चपला घेतल्या आणि तशाच पायांनी घरी आलो. दार बाबांनी उघडलं. त्यांनी पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता आत गेले. (मिस्टरांना सांगा, नाडीचे बूट घालायचे आणि नाडीला दोन गाठी मारायच्या.)

१ फेब्रुवारी २००८ चा मुंबईचा शो मात्र वेगळ्या कारणाने माझा लाडका. शुक्रवार होता, सकाळची सिंहगड पकडून दादर, मग बांद्रा, मग रिक्षाने बीकेसीतलं एमएमआरडीएचं मैदान. त्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिला प्रयोग होता. ही बाब जरा समजून घ्या. पुढच्या प्रत्येक गावातल्या लोकांना आज काय वाजणार हे इंटरनेटवर वाचता आलं. ते आधी माहीत नसताना ऐकणारी माणसं जगात एकाच मैदानावर होती आणि त्यात मी होतो. मंडळी आली होती स्वतःच्या विमानाने, बोइंग ७५७, मागच्या खुर्च्या काढून तिथे वाद्यं आणि सामान भरलेलं, आणि ते चालवत होता गायक ब्रूस डिकिन्सन. तो खरोखरच विमान कंपनीत परवानाधारक वैमानिक होता.

तर मध्यावर 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' सुरू झालं. कोलरिजच्या दीर्घकवितेवरचं तेरा मिनिटांहून मोठं गाणं, ऐंशीच्या दशकानंतर त्यांनी ते मंचावर घेतलंच नव्हतं. माझ्या शेजारचा मित्र पहिल्या दोन सेकंदांत ओळखून माझ्या दंडाला असा काही धरून राहिला की दुसऱ्या दिवशी वळ होते. या गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं. वारा पडलाय, जहाज अडकलंय. फक्त लाकूड करकरल्याचा आवाज आणि खाली हळू चाललेलं बेस. एवढं मोठं मैदान, धुळीने सगळ्यांच्या नाकपुड्या काळ्या झालेल्या, आणि चिडीचूप. लांबवर एका उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसत होते. मित्र कानात म्हणाला, "ह्यांनी आपलं विमान कुठे लावलं असेल रे?" मला त्या शोमधलं सगळ्यात स्पष्ट काय आठवत असेल तर हे. कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये ते नाही.

त्या दौऱ्यावर नंतर माहितीपट निघाला, आणि त्यांनी चित्रित केलेलं पहिलं गाणं, 'एसेस हाय', मुंबईचंच आहे. मी ते कितीदा तरी थांबवून थांबवून बघितलंय. मी कुठेही नाही.

२००९ ला फेब्रुवारीत परत बंगळूर. अंगात ताप होता, जायला नको होतं, गेलो. हेही लिहिलं पाहिजे, कारण मागे लागण्यात काही वेळा नुसता हट्ट असतो. आकडा वाढवायचा म्हणून गेलेल्या शोमध्ये मला काही मिळालं नाही. तुमचे मिस्टर त्या टप्प्यावर असतील तर खर्चावरून जरूर भांडा.

आता पुन्हा बाबांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्यामुळेच सापडलं.

२०१८ साली मी कामानिमित्त लंडनजवळ राहत होतो. १० आणि ११ ऑगस्टला ओटू अरीनात मेडनचे लागोपाठ दोन शो. मी दोन्हींची तिकिटं काढली होती: शुक्रवारचं एकट्याचं, अगदी पुढे उभं राहायचं, शनिवारची दोन, वरच्या मजल्यावर बसायची, ऑफिसातल्या मित्राबरोबर. मित्राला ऐनवेळी भारतात जावं लागलं. आई-बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. आईने आधीच हात जोडले. बाबा बहात्तर वर्षांचे, म्हणाले, "तिकीट वाया जातंय तर येतो." कानात कापूस घालून निघाले.

आत एक जुनं गाणं स्पीकरवर लागलं. 'डॉक्टर डॉक्टर', यूएफओ नावाच्या दुसऱ्याच बँडचं. नवख्याला वाटतं वेळ काढायला काहीतरी लावलंय. जाणकार मात्र बिअरची रांग सोडून धावत सुटतात, कारण हे संपलं की दिवे जातात, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. मी बाबांना म्हटलं, "ही तिसरी घंटा." ते एकदम सावरून बसले. मग चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण घुमलं. बाबा म्हणाले, "नांदी." आणि पुढच्या क्षणी मंचावर अख्ख्या आकाराचं स्पिटफायर विमान तरंगत आलं. बाबांनी माझा गुडघा थोपटला आणि विचारलं, "नेपथ्य कोणाचं?"

पुढचे दोन तास मी मंचाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघितलं. तबलजी कुठाय, हा त्यांचा दुसरा प्रश्न. तेव्हाचा ड्रमर निको मॅकब्रेन स्वतःच्याच ड्रम्सच्या भिंतीमागे दिसत नाही, हा आमच्यातला जुना विनोद त्यांना पाचव्या मिनिटाला कळला. लाल डगलेवाल्या एडीशी ब्रूसची तलवारबाजी झाली तेव्हा "पवित्रा चांगला आहे" असा शेरा. 'फ्लाइट ऑफ इकारस'ला ब्रूसच्या दोन्ही हातांतून ज्वाळा निघाल्या आणि मागचा पंखवाला पुतळा कोसळला, तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत. मी सांगितलं की हा चार दिवसांपूर्वी साठ वर्षांचा झाला, आणि तीन वर्षांपूर्वी याला जिभेचा कॅन्सर झाला होता. बाबांनी एका कानातला कापूस काढला.

त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं की शुक्रवारी मी जिथे उभा होतो तो घोळका वरून कसा दिसतो. ठरावीक ओळीला तो एकदम पुढे सरकतो आणि मागे येतो, कणसांच्या शेतातून वारा जावा तसा. काल त्यातलंच एक कणीस मी होतो. कालच्या जागेवरून मला स्टीव्ह हॅरिसची बोटं दिसली होती, पाय स्पीकरवर टाकून तो प्रेक्षकांवर बेस बंदुकीसारखं रोखतो ते दिसलं होतं, समोरच्याचा घामेजलेला टी-शर्ट दिसला होता. एवढंच. प्रयोग तोच, पण मी दोन वेगळे बघितले.

शेवटी स्पीकरवर माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं ते शीळ घालायचं गाणं लागलं, दिवे लागले, लोक निघाले. बाबा गाणं पूर्ण होईपर्यंत उठले नाहीत. त्यांच्या मते पडदा पूर्ण पडायच्या आत उठणारा माणूस असंस्कृत.

नॉर्थ ग्रीनिच स्टेशनला ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, कशीबशी जागा मिळाली. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "ते ६६६ वालं गाणं, त्यात तो एक लांब किंकाळी फोडतो बघ. आज जरा लवकर सोडली असं वाटलं. काल टिकवली होती का?"

मी आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं. आणि सांगितलं, "काल ऐकलीच नाही बाबा. तेव्हा मी स्वतःच ओरडत होतो."

"मग काल गेला होतास कशाला?"

तेवढ्यात कॅनरी व्हार्फ आलं, दार उघडलं, काळे टी-शर्ट अजून आत घुसले आणि उत्तर द्यायचं राहिलं.