भुलीचा वायू आणि किडनीमुळे वाढलेला बीपी

तुमच्या वडिलांचा बीपी किडनीच्या आजारामुळे तीन गोळ्या घेऊनही १६०च्या आसपास असतो आणि ऑपरेशनच्या वेळी भुलीच्या वायूने तो आणखी चढेल, ही तुमची भीती. मी बरीच वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करतोय. अशा रुग्णात मला बीपी चढण्यापेक्षा एकदम कोसळण्याची धास्ती जास्त वाटते.

किडनीला रक्त कमी पोचलं की ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते, त्यामुळे अँजिओटेन्सिन हे दुसरं द्रव्य बनतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अमेरिकन संशोधक हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्याने आवळून बीपी चढतो हे दाखवलं होतं. याउलट आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन हे भुलीचे वायू वाहिन्या सैल करतात. मात्रा वाढेल तसा दाब उतरतो. शरीर तेव्हा रेनिनच्या आधाराने दाब सावरू पाहतं. पण रुग्ण रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन अशा, हीच साखळी अडवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांवर असेल तर तो आधारही तुटलेला असतो, आणि दाब वर आणण्याची नेहमीची इंजेक्शनं कधीकधी पुरत नाहीत. म्हणून या गोळ्या बरेचदा २४ तास आधी थांबवायला सांगतात. स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नका. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन ही बीपीची दुसरी औषधं तर अचानक मुळीच बंद करायचं नाही, बीपी उसळी मारतो. आदल्या दिवशी डायलिसिस झालं असेल तर अंगात पाणीही कमी असतं, म्हणजे घसरण आणखी मोठी.

ही घसरण मला का खुपते? वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि किडनीला १००/६० अपुरा पडू शकतो, इतरांना तो चालून जातो. म्हणून आम्ही सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला) ६५च्या खाली जाऊ देत नाही आणि रुग्णाच्या नेहमीच्या आकड्यापासून साधारण २० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करतो.

बीपी चढतो तो मुख्यतः श्वासनलिकेत नळी घालताना आणि शुद्धीवर येताना वेदनेमुळे. डेस्फ्लुरेन झटकन वाढवलं तरी चढतो. पण हे सहसा थोडा वेळच टिकतं आणि औषधाने आवरतं.

वायूने किडनीच खराब होईल ही भीती जुन्या मेथॉक्सिफ्लुरेनपासूनची आहे, त्याच्या फ्लोराइडने खरंच इजा व्हायची. आजच्या वायूंबद्दल ती चिंता नको.

तपासणीला जाताना घरच्या बीपीचे आठवडाभराचे आकडे, प्रत्येक गोळीची शेवटची वेळ आणि डायलिसिस चालू असेल तर त्याची तारीख लिहून न्या. बीपी १८०/११० किंवा त्याहून वर असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर ते पुढे ढकलू का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा.