चौकाकडच्या टेबलावर मेक्सिकन जेवताना

भावा, पहिल्यांदाच मेक्सिकन खायला जातोयस, तर चौकाकडच्या खिडकीचं टेबल आधीच फोन करून सांगून ठेव. दिवे लागल्यावर खाली चौक गजबजतो, तो बघत निवांत जेवायचं.

नाचोजवर, म्हणजे चीज घातलेल्या मक्याच्या कुरकुरीत चिप्सवर, पोट भरू नकोस. ते १९४३च्या सुमाराचे, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रासमधले, तोंडी लावण्यापुरतेच. खरी परीक्षा टाकोची, म्हणजे सारण घालून दुमडलेल्या टॉर्टियाची. टॉर्टिया, म्हणजे त्यांची पातळ पोळी, मक्याचा आहे का, हे आधी विचार. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून मग वाटतात. त्यानं पीठ चांगलं मळलं जातं, वास वेगळाच येतो आणि मक्यातलं नियासिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, अंगी लागतं. गव्हाचाच टॉर्टिया असेल तर सरळ बरिटो, म्हणजे सारण भरलेली टॉर्टियाची गुंडाळी, घे, तो उत्तर मेक्सिकोचा गव्हाचाच प्रकार. टाको मात्र हातानंच, मान तिरकी करून खायचा. काट्याचमच्यानं सगळं सारण बाहेर पडतं.

तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या आपल्याला तिखटाची भीती नाही. तरी हाबानेरो या जहाल मिरचीचा साल्सा, म्हणजे चटणी, आधी थेंबभरच चाख. मिरची मूळची त्यांच्याकडचीच, पोर्तुगीजांबरोबर इकडं आली! लिंबू सढळ हातानं पिळ आणि ग्वाकामोले, म्हणजे अवोकॅडोची चटणी, आल्या आल्या संपव, अवोकॅडो लगेच काळा पडतो.