बायबलमधल्या यरुशलेमच्या मंदिरातले द्वारपाळ म्हणजे नुसते दार उघडणारे गडी होते का?

नाही, ते नेमलेले लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या इस्राएली वंशातले) होते आणि त्यांच्यावर मोठा भरवसा टाकलेला होता. बायबलमधल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात २१२ द्वारपाळांची नोंद आहे. त्यांचे प्रमुख रात्री मंदिराभोवतीच मुक्काम करत, रोज सकाळी दारे उघडत, कोठारांवर लक्ष ठेवत. उपासनेची भांडी मोजून बाहेर काढायची आणि मोजूनच आत ठेवायची, हेही काम याच लेव्यांपैकी काहींकडे. कोरही (म्हणजे कोरहाच्या घराण्यातल्या) शल्लूमाचा थोरला मुलगा मत्तिथ्या तर अर्पणासाठीच्या तव्यावरच्या पोळ्यांचा जबाबदार. त्याचंही नाव लिहून ठेवलंय, हे मला फार आवडतं! २६व्या अध्यायात कोणाला कुठलं दार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, लहानमोठा भेद न करता: पूर्वेला रोज सहा जण, उत्तरेला आणि दक्षिणेला चार-चार. शिवाय हे कोरही म्हणजे इस्राएलचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध उठलेल्या कोरहाचेच वंशज (बायबलमधलं ‘गणना’ हे पुस्तक, अध्याय १६).

मात्र बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ८४:१० मधला ‘द्वारपाळ’ याच अर्थाने घेताना जरा जपून. स्तोत्र कोरहाच्या पुत्रांचं असलं, तरी तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘उंबरठ्याशी उभं राहणं’ एवढाच आहे. त्यात हुद्दा येतोच असं नाही.