मिश्र नको, संमिश्रही नको: सांगड म्हणा

राजापूर तालुक्यातल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. घरातली माणसं मुंबईला गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या जगण्यात काय बदल झाला, हा त्यांचा विषय. आधी घरोघर प्रश्नावल्या भरून घेतल्या, आता मुलाखती चालू आहेत. याला इंग्रजीत 'मिक्स्ड मेथड्स' म्हणतात, तर मराठीत 'मिश्र पध्दती' लिहावं की 'संमिश्र पध्दती'? आणि काम चालू असताना मध्येच पद्धत बदलली, तर त्याला शब्द कोणता?

व्याकरणाने दोन्ही चालतात, अर्थाने दोन्ही लंगडे आहेत. मिश्रधातूतलं तांबं बोट ठेवून दाखवता येत नाही. अभ्यासात मात्र हा आकडा कुठला आणि हे बोलणं कुणाचं, ते शेवटच्या पानापर्यंत वेगळं दाखवता आलंच पाहिजे. चर्चासत्रांत हल्ली सारखं ऐकू येतं: शंभर प्रश्नावल्या, प्रकरणाच्या शेवटी चिकटवलेले चार उद्गार, आणि वर 'आम्ही मिश्र पद्धती वापरली'. मला याची चीड येते, कारण शब्दाच्या सैलपणाने कामाचा सैलपणा झाकला जातो.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: सांगड. तिचा आजचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, मूळचा फार थोड्यांना. सांगड म्हणजे दोन होड्या शेजारी शेजारी आणून एकमेकींना जखडून केलेला तराफा. एकट्या होडीत बैल चढवला तर ती कलंडेल. दोन बांधून वर फळ्या टाकल्या की गाडी-गुरं खाडीपार होतात. दोन्ही होड्या आपापल्या बळावर तरंगत असतात, एकीचं लाकूड दुसरीत विरघळत नाही. पद्धती जोडण्याचं याहून अचूक चित्र मला तरी सापडलेलं नाही.

एका शिबिरात 'सांगड हा संगत या शब्दाचा अपभ्रंश' असं छातीठोकपणे सांगितलं गेलं. साफ चूक. संगतमधल्या 'त'चा 'ड' कसा झाला, ते आधी सांगा. वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा झाला, तसा संस्कृत 'संघाट'मधल्या 'ट'चा 'ड' झाला. संघाट म्हणजे लाकडाला लाकूड सांधणं. पालीत 'नावासंघाट' म्हणजे होड्यांचा तराफा, प्राकृतात 'संघाड' म्हणजे जोडी, आणि मराठीत सांगड. तमिळमध्ये 'शंगडम' आहे, तुळूत जोडहोडीला 'जंगल' म्हणतात. पोर्तुगीजांनी हाच शब्द 'जंगाडा' करून उचलला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक समुद्रमार्गदर्शिकेत भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नावांना 'संगारा' म्हटलं आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीचा अभ्यास करताना या संगाराशी आपल्या सांगडीची तुलना केली होती. शब्द मुळात द्राविडी असून संस्कृताने तो उसना घेतला, असं म्हणणारे आहेत. 'लाकूड सांधणं' हा अर्थ संस्कृतात स्वतंत्रपणे असताना मला ते पटत नाही. पण एवढं मी ठामपणे मानतो की 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार घाटावर, म्हणजे देशावर, जन्मलेला नसणार. गाठ घालतात, टाका घालतात, वेढा घालतात, तशीच सांगड घालतात. हे दोर हाताळणाऱ्यांचं क्रियापद आहे. म्हणून 'सांगड जोडणे' ऐकलं की कानाला खुपतं.

होड्या बांधतात कुठे, यावर सगळं अवलंबून. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया निघाल्या, आणि लोकसंख्या 2001 च्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. ही एक होडी. ती भक्कम आहे, पण ती मोजणी फेब्रुवारीतली. चाकरमानी येतो शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला. कुलूप लावलेलं घर ओसाड आहे की फक्त गणपतीपुरतं उघडतं, सातबाऱ्यावर नाव मुंबईतल्या भावाचं असताना आंब्याची कलमं कुणाला द्यायची ते कोण ठरवतं, हे ओटीवर बसून विचारल्याशिवाय कळत नाही. ही दुसरी होडी. दोन्ही त्याच वाडीत, त्याच घरांपाशी बांधल्या तर ती सांगड. प्रश्नावली एका गावातली आणि मुलाखती सोयीच्या दुसऱ्याच गावातल्या असतील, तर त्या दोन सुट्या होड्या.

समाजशास्त्रात 1970 च्या सुमारास नॉर्मन डेन्झिन यांच्या लेखनामुळे रुळलेली 'ट्रायअँग्युलेशन' (एकच गोष्ट अनेक पद्धतींनी पडताळणं) ही संज्ञा काही जण यासाठीच 'त्रिकोणीकरण' म्हणून वापरतात. शब्द भूमापनातला आहे: दोन जागांवरून कोन मोजून तिसरी जागा नक्की करायची. भूमापकाचा डोंगर जागचा हलत नाही, वाडी मात्र दर वर्षी हलते. बदलाच्या अभ्यासाला पाण्यावरचाच शब्द हवा.

आता मधेच पद्धत बदलण्याविषयी. 'पद्धतपालट' म्हणा. ऋतुपालट, हवापालट आहेतच, पण इथे आठवायचा तो खांदेपालट. मंत्रिमंडळाच्या बातम्यांनी हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला, नाहीतर शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवताना तो डोळ्यांसमोर घडतो: खांदा बदलतो, पालखी जमिनीला टेकत नाही. तुमचा मूळ प्रश्न तोच राहिला आणि प्रश्नावलीत मावेना म्हणून मुलाखती घेतल्या, तर तो पद्धतपालट. कुणी, कुठे आणि का खांदा बदलला, ते प्रबंधात लिहा. प्रश्नच बदलला असेल, तर पालखीच दुसरी झाली; तिथे हा शब्द लावू नका.

आणि तुमच्या पत्रात दोन्ही ठिकाणी 'पध्दती' आहे. पद् म्हणजे पाय, हति म्हणजे आघात. पद्धती म्हणजे पायांनी तुडवून झालेली वाट. 'द्' आधी होता, त्याच्यापुढच्या 'ह'चा 'ध' झाला. म्हणून 'द' वर आणि 'ध' खाली: पद्धती. प्रबंध बांधणीला जाण्याआधी तेवढं दुरुस्त करून घ्या.