२०१५ साली वॉरहॅमरचे खेळाडू एवढे का चिडले होते?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. २०१५ मध्ये जुना वॉरहॅमर, म्हणजे छोट्या पुतळ्यांची सैन्ये मेजावर मांडून खेळायचा युद्धखेळ, बंद होऊन त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आला तेव्हा खेळाडू एवढे का संतापले, प्लास्टिकच्या पुतळ्यांपायी कोणी स्वतःचेच सैन्य जाळते का, आणि आता जुना खेळ परत आलेला असताना ती मंडळी समाधानी आहेत का. माझ्याकडे या खेळातले ड्वार्फ्सचे, म्हणजे दाढीवाल्या बुटक्या योद्ध्यांचे सैन्य आहे. त्या उलथापालथीत मी आधी नाक मुरडले, मग नवा खेळ आवडीने खेळलो आणि शेवटी जुन्याकडेही परतलो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

वॉरहॅमरची पहिली आवृत्ती नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये काढली आणि आठवी २०१० मध्ये. एवढ्या वर्षांत नियम अनेकदा बदलले, पण खेळाचा गाभा तोच राहिला. चौकोनी तळांवर उभे केलेले पुतळे एकमेकांना लागून ठेवून रांगा करायच्या, त्या रांगांची तुकडी एकसंध हलवायची, आणि शत्रूच्या बगलेत किंवा पिछाडीला शिरण्यासाठी दोन-तीन चाली आधीपासून मोर्चेबांधणी करायची. तुकडी वळवायला अंतर खर्ची पडते, त्यामुळे चुकीच्या दिशेला तोंड करून उभी राहिलेली तुकडी कितीही बलवान असली तरी निरुपयोगी ठरते. फासे नशीब ठरवत, पण ते कोठे टाकायची वेळ येईल हे बऱ्याच अंशी आपल्या मांडणीवर अवलंबून असे.

नवी आवृत्ती आली की कुरकुर होणे हा या छंदाचा जुनाच रिवाज आहे, आणि २०१५ चा संताप हा त्याच कुरकुरीचा मोठा अवतार होता असे पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही, कारण २००० मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हाही तोपर्यंतची सगळ्या सैन्यांची पुस्तके एका फटक्यात कालबाह्य झाली होती. मात्र त्या वेळी कंपनीने ‘रॅव्हनिंग होर्ड्स’ नावाची एक पुस्तिका काढली, आणि तिच्यात प्रत्येक सैन्याची तात्पुरती यादी, प्रत्येक सैनिकाच्या पॉइंट्ससकट, दिलेली होती. नाराजी होतीच, परंतु खेळ थांबला नाही.

२०१५ मध्येही प्रत्येक सैन्यासाठी नव्या नियमांचे तक्ते पहिल्याच दिवसापासून फुकट उपलब्ध होते, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. कोणाचेही सैन्य त्या दिवशी बाद झालेले नव्हते. मुख्य नियम अवघ्या चार पानांत मावत होते आणि तेही फुकटच होते. तळ आता गोल, तुकड्या सैलसर, रांगांची सक्ती नाही. या सगळ्यातून सावरता आले असते. पण त्या तक्त्यांमध्ये एक गोष्ट कोठेच नव्हती, आणि माझ्या मते संतापाचे मूळ तिच्यातच आहे: पॉइंट्स.

हा खेळ न खेळणाऱ्याला पॉइंट्स ही किरकोळ बाब वाटण्याची शक्यता आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. प्रत्येक सैनिकाची, तोफेची, जादूगाराची ताकद एका आकड्यात मांडलेली असते. ‘२,००० पॉइंट्सचे सैन्य घेऊन या’ एवढ्या एका वाक्यावर दोन अनोळखी माणसे भेटू शकतात, मेजावर सैन्ये मांडू शकतात आणि तीन तासांनी हस्तांदोलन करून निघू शकतात, कारण दोघांनी आपापल्या घरी बसून एकाच मापाने माप घेतलेले असते. हे माप तंतोतंत खरे नसते. कोणती तुकडी स्वस्त आणि कोणती महाग यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. पण वादासाठीसुद्धा आकडा लागतो. आठव्या आवृत्तीत तर सैन्याचा किमान चौथा हिस्सा सामान्य सैनिकांचा असला पाहिजे आणि मोठ्या सरदारांवर चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक खर्च करता येणार नाही, अशी बंधनेही याच मापावर बेतलेली होती. सैन्याची यादी तयार करणे हाच अनेकांच्या छंदाचा अर्धा भाग असतो, आणि ज्या आठवड्यात डाव मांडायला सवड मिळत नाही त्या आठवड्यात तो पूर्ण भाग असतो.

नव्या खेळात याऐवजी काय होते? दोघांनी आळीपाळीने एकेक तुकडी मांडत जायची आणि जागा संपेपर्यंत किंवा पुरे वाटेपर्यंत मांडत राहायची. तोल राखण्यासाठी एकच कलम होते: एकाच्या सैन्यात दुसऱ्यापेक्षा एक तृतीयांश पुतळे जास्त असतील, तर कमी पुतळेवाल्याला झटपट विजयाची एखादी खास अट निवडता येईल. यात पुतळ्यांची केवळ डोकी मोजायची होती. महाकाय ड्रॅगन एक आणि चिमुकला गॉब्लिनही एक. म्हणजे दहा ड्रॅगन घेऊन आलेला खेळाडू चौदा गॉब्लिन घेऊन आलेल्यासमोर दुबळा ठरून सवलत मागू शकत होता.

माझा पहिला डाव एका जुन्या मित्राशी झाला. त्याच्याकडे कपाटभर सांगाडे होते आणि माझ्याकडे साठ-सत्तर बुटके. तो मांडत गेला, मी मांडत गेलो, आणि माझे संपले तेव्हा तो थांबला, कारण तो सभ्य माणूस आहे. डाव ठीक झाला. परंतु परतताना माझ्या लक्षात आले की तो डाव नियमांमुळे ठीक झालेला नाही, त्याच्या सौजन्यामुळे झालेला आहे. ओळखीच्या दोघांत ‘तू एवढे मांड, मी एवढे मांडतो’ हे सहज चालते. अनोळखी माणसाशी तीच बोलणी डावाआधीचा एक वेगळा डाव होऊन बसतात, आणि जो अधिक भिडस्त तो त्यातच हरतो. स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे तर पेचच उभा राहिला, आणि त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच पॉइंट्सच्या याद्या तयार केल्या. कंपनीने काढून टाकलेले माप खेळाडूंनी महिन्याभरात पुन्हा घडवायला घेतले, यावरून त्याची गरज कोणाला होती ते कळते.

मोजमापाची दुसरी गंमत अशी की अंतर तळापासून न मोजता पुतळ्यापासून मोजायचे होते. भाला पुढे काढलेल्या सैनिकाचा भाला त्यामुळे खरोखरच उपयोगी पडू लागला, आणि जवळ जाण्यासाठी शत्रूच्या तळावर आपला पुतळा चढवून उभा करण्याची पाळी आली. ज्याने एका सैनिकाच्या चिलखतावर संध्याकाळभर कुंचला फिरवला आहे, त्याला असे पुतळ्यावर पुतळे घासलेले पाहवत नाहीत. बहुतेकांनी ‘आपण तळापासूनच मोजू’ असे आपसात ठरवून टाकले.

याच्या जोडीला विनोदी नियम आले. एम्पायर या माणसांच्या सैन्यातल्या एका सरदाराचा चुकलेला फासा पुन्हा टाकता येई, पण खेळाडूची मिशी प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक झुबकेदार असेल तरच. टूम किंग्ज या मृत राजांच्या सैन्यातल्या सेट्रा राजाच्या बाबतीत तर खेळाडूने स्वतः गुडघा टेकायचा नाही, अशी अट होती. एरवी हसून सोडून द्यावे असेच हे होते. मात्र ज्यांचे जग नुकतेच नष्ट केलेले आहे त्यांच्याशी अशी थट्टा करण्याची ती वेळ नव्हती. आणि ‘नष्ट’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये आलेल्या ‘द एंड टाइम्स’ या पाच पुस्तकांच्या मालिकेत कंपनीने तीस वर्षांचे ते जग कथेतच संपवून टाकले होते. नव्या जगाचे आघाडीचे वीर सोनेरी चिलखतातले स्टॉर्मकास्ट इटर्नल्स. ते कंपनीच्या अवकाशयुद्धाच्या खेळातल्या स्पेस मरीन्ससारखे दिसत म्हणून लोकांनी त्यांना ‘सिग्मरीन’ म्हणायला सुरुवात केली. एल्फचे इंग्रजी वर्णलेखन बदलून ‘Aelf’ झाले, ड्वार्फचे ‘डुआर्डिन’ आणि ऑर्कचे ‘ऑरुक’. एल्फ आणि ऑर्क हे शब्द कोणाच्याही मालकीचे होऊ शकत नाहीत, नवे घडवलेले शब्द होऊ शकतात, हा व्यापारी हिशेब त्यामागे उघड दिसत होता. माझे बुटके मात्र मला अजूनही डुआर्डिन वाटलेले नाहीत.

आता जाळण्याविषयी. होय, एका खेळाडूने आपले डार्क एल्फ सैन्य पेटवून त्याचे चित्रीकरण प्रसिद्ध केले होते आणि ते जगभर पाहिले गेले. तेवढ्या एका ज्वाळेवरून सगळ्या खेळाडूंना वेडसर ठरवणे सोपे असते. प्रत्यक्षात फारच थोड्यांनी काही जाळले. बाकीच्यांनी सैन्य खोक्यात भरले किंवा दुसऱ्या नियमांखाली उभे केले. मॅन्टिक या दुसऱ्या कंपनीच्या ‘किंग्ज ऑफ वॉर’ची दुसरी आवृत्ती नेमकी त्याच वर्षी आली. तिचे कर्ते अलेसिओ कावातोरे यांनी पूर्वी वॉरहॅमरचेच नियम लिहिलेले होते. त्या खेळात अख्ख्या तुकडीचा एकच तळ धरतात आणि मेलेले सैनिक एकेक करून उचलत नाहीत, त्यामुळे कोणतेही जुने सैन्य तेथे बिनबोभाट सामावते. काही जणांनी ‘द नाइन्थ एज’ हा प्रकल्प सुरू केला आणि आठव्या आवृत्तीच्या धर्तीवर नवे नियम स्वयंसेवेने लिहून ते फुकट वाटले. नावातच नववी आवृत्ती आम्हीच काढू, असा टोला आहे.

कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. आठव्या आवृत्तीत दहा-दहा सैनिकांच्या रांगा केल्या की तुकडीला जादा फटके मिळत, आणि शत्रूपेक्षा रांगा जास्त असल्या की हरल्यावरही पाय रोवून उभे राहणे सोपे जाई. परिणामी चाळीस सैनिकांची एक तुकडी हा प्रघात पडला. नवख्याने एकाच साच्याचे चाळीस पुतळे विकत घ्यायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि त्यातल्या मागच्या रांगांतल्यांनी बहुतेक डाव नुसते उभे राहून मरायचे. तरुण मुले या वाटेने येत नव्हती याचे नवल वाटायला नको. मूठभर पुतळे आणि चार पाने घेऊन त्याच संध्याकाळी खेळता येईल असा खेळ काढणे हा विचार शहाणपणाचाच होता; त्यासाठी जुने घर जाळायला हवे होते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

२०१६ मध्ये ‘जनरल्स हँडबुक’ आले. मोकळा खेळ, कथेचा खेळ आणि बरोबरीचा खेळ अशा तीन पद्धती त्यात सांगितल्या होत्या, आणि तिसरीसाठी पॉइंट्स परत आणले होते. चार पानांचे मुख्य नियम फारसे बदललेले नव्हते, तरी वातावरण पालटले. मी स्वतः त्याच सुमारास परतलो, आणि मला कबूल करावे लागले की वर्षभर मी ज्या खेळाला पोरखेळ म्हणत होतो त्यात पॉइंट्स घातल्यावर बऱ्यापैकी डावपेच होते. माझी घाई मात्र नडली. वीस मिलिमीटरच्या चौकोनी तळांवरून बुटके काढून पंचवीसच्या गोल तळांवर बसवताना मी चाकू जोरात दाबला आणि सहा-सात धातूच्या पुतळ्यांचे पाय घोट्यापासून मोडले. त्यांना तारेच्या खुंट्या घालून उभे केले आहे; जवळून पाहू नये.

आता समाधानाविषयी. जुन्या जगाचे पुनरागमन नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाले आणि ‘द ओल्ड वर्ल्ड’ जानेवारी २०२४ मध्ये हातात पडला. जुना खेळ बंद असतानाच, मे २०१६ पासून, त्याच जगावरच्या ‘टोटल वॉर’ या संगणकीय खेळाने अनेक नव्या लोकांना ते मेलेले जग दाखवले होते, हा योगायोग मोठा मजेदार आहे. नव्या खेळात रांगा, बगल, चौकोनी तळ, पॉइंट्स, सगळे परतले. पहिली दोन सैन्येही ब्रेटोनिया आणि टूम किंग्ज, म्हणजे २०१५ नंतर विक्रीतूनच काढून टाकलेली. ज्यांनी ती सैन्ये जपून ठेवली होती त्यांचा आनंद मी पाहिला आहे आणि तो खोटा नव्हता.

तरीही सगळे समाधानी नाहीत. सुरुवातीला नऊ सैन्यांना पूर्ण पाठबळ मिळाले. स्केव्हन, लिझर्डमेन, डार्क एल्फ, व्हॅम्पायर यांच्यासह सात सैन्यांना केवळ एकेक फुकट यादी देऊन निरोप देण्यात आला. उंदीरमाणसांचे, म्हणजे स्केव्हनचे, सैन्य असलेल्याला जुने जग परत मिळाले, पण त्यात त्याला कायमचे घर मिळाले नाही. नऊ वर्षे वाट पाहिलेल्याचा राग अशा वेळी पहिल्यापेक्षा शांत असतो आणि जास्त कडूही. दुसरी तक्रार तळांची. वीस मिलिमीटरचे तळ आता पंचवीसचे झाले आहेत आणि पंचवीसचे तीसचे. जुने सैन्य तसेच वापरायचे तर खाचा पाडलेले ट्रे करून तुकडीची रुंदी जुळवावी लागते, आणि बहुतेक जण तेच करतात.

माझ्या बुटक्यांचे तळ गोल पंचवीसवरून आता चौकोनी पंचवीसवर गेले आहेत. या वेळी चाकू लावला नाही; प्रत्येक गोल तळाखाली चुंबक बसवून त्यांना चौकोनी पट्टीवर उभे केले आहे, म्हणजे मित्राचा फोन आला की तो कोणता खेळ मांडतो आहे एवढेच विचारावे लागते.